ठासणीची बंदूक: पीकराखणीसाठी पहिल्यांदाच घेणाऱ्यांना

पीकराखणीच्या परवान्यावर जी बंदूक मिळते, ती बहुतेक वेळा ठासणीची असते. गडचिरोलीकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी बारूद, मग बोळा (पुठ्ठ्याचा किंवा नमद्याचा गच्च गोळा), मग छर्रे टाकायचे, गजाने दाबायचे, मागे निपलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्राच्या बोंडावर) टोपी बसवायची, म्हणजे आपटली की पेटणारी धातूची छोटी वाटी. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलातून आत जाते आणि बार होतो. काडतुसाच्या बंदुकीत जे काम कारखान्यात होऊन येतं, ते इथे शेतकऱ्याला रात्री, दवात, बॅटरीच्या उजेडात स्वतः करावं लागतं. म्हणूनच हिचे अपघातही वेगळे. नळीत या क्षणी काय आहे, हे बंदूक धरलेल्या माणसाला ठाऊक नसणं, हे त्यांचं मूळ. खाली जे सांगितलं आहे, त्यातलं निम्मं तेवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी कायदा

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पीकराखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. परवान्याने बंदूक बाळगता येते. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. ती कलम 11 खाली मिळते आणि तिच्यात कोणतं जनावर, कुठल्या शेतात, किती मुदतीत हे लिहिलेलं असतं. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. नुकसानीचा पंचनामा झालेला असेल तर सोबत जोडा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं असतं. वनखात्याला कळवून पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही आणि मांस वाटून घ्यायचं नाही.

बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो आयुक्तांकडून मिळतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. अर्जासोबत सातबारा आणि पिकाची नोंद द्या. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. हे प्रशिक्षण कागदासाठी उरकू नका. निष्णात माणसाच्या देखरेखीखाली बार काढायची संधी पुन्हा सहज मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षं झाली आहे. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. मुलाला किंवा सालदाराला जागलीला (रात्रीच्या राखणीला) बंदूक देऊन पाठवणं हा गुन्हा आहे.

बंदूक निवडताना

पहिल्यांदा घेणाऱ्याने एकनळी, गुळगुळीत नळीची, टोपीवर चालणारी 12 बोअरची बंदूक घ्यावी. परवान्यावर किंवा दुकानाच्या बिलावर ती ‘एसबीएमएल’ अशी लिहिलेली दिसेल. दुनळी घेऊ नका. दुनळीत एक नळी दोनदा भरली जाते आणि दुसरी रिकामी राहते, शिवाय एका नळीचा बार काढताना दुसरीतला छर्रा धक्क्याने पुढे सरकतो. हे सांभाळायला सराव लागतो. नळीत आटे पाडलेली रायफल लांबच्या एका गोळीसाठी असते. पीकराखणीत तिचं काम नाही आणि तिचा परवानाही निराळा. आजोबांच्या वेळची चापटलेली, डाग दिलेली बंदूक फुकट मिळत असली तरी तिने बार काढू नका.

बिहारमधलं मुंगेर हे बंदुका बनवणारं जुनं गाव. तिथली किंवा दुसऱ्या कुठल्याही परवानाधारक कारखान्याची बंदूक चालेल, पण नळीवर दाब-चाचणीचा शिक्का आणि क्रमांक स्पष्ट हवा. क्रमांक घासलेला असेल तर अशी बंदूक नुसती जवळ ठेवणंही गुन्हा आहे. दुकानात बंदूक हातात आली की ती भरलेली आहे असं धरूनच पुढचं करा:

गज नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडाशी अंगठ्याने धरा, बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून लावून पाहा. गजाचं टोक निपलाच्या जवळपास पोचलं पाहिजे. चार-पाच सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे.

मग नळीवरून बोट फिरवा. कुठे अंगठीसारखा फुगवटा लागला तर नळी एकदा दाबाने ताणली गेलेली आहे, ती परत करा. बारीक एलईडी दोऱ्याला बांधून आत सोडा. खोल खड्डे दिसले, विशेषतः बुडाच्या बाजूला, तर नको. निपल पान्याने फिरून निघालं पाहिजे आणि पुन्हा घट्ट बसलं पाहिजे. त्याचे आटे झिजलेले असतील तर बाराच्या वेळी ते उडून तोंडावर येऊ शकतं. शेवटी घोडा अर्ध्यावर ओढा आणि चाप जोरात दाबा. घोडा सुटता कामा नये. पूर्ण ओढलेल्या घोड्याला बाजूने अंगठ्याने ढकला, तेव्हाही सुटता कामा नये. दोन्हींपैकी एकात जरी सुटला, तरी दुकानदार ‘स्प्रिंग बदलून देतो’ म्हणाला तरी दुसरी बंदूक बघा.

बंदुकीसोबत गज, निपलचा पाना, निपल साफ करायची तार, मोजून बारूद द्यायचं माप, बोळा काढायचा पेचदार स्क्रू आणि चिंध्या लागतात. मापाशिवाय बंदूक घरी आणू नका.

गजावरच्या खुणा

हे काम बंदूक घरी आल्याच्या दिवशीच करायचं. नळी रिकामी आहे याची खात्री झाली की गज बुडापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी जिथे गज येतो, तिथे करवतीच्या पात्याने बारीक खाच पाडा. ही रिकाम्या नळीची खूण. मग ठरलेलं माप भरून (पुढे दिलं आहे) पुन्हा गज सोडा आणि दुसरी खाच पाडा. ही भरलेल्या नळीची खूण. दुसरी खाच निराळ्या रंगात रंगवा, म्हणजे बॅटरीच्या उजेडातही कळते.

12 बोअरच्या नळीची आतली रुंदी साधारण साडेअठरा मिलिमीटर असते. त्यात 60 ग्रेन बारूद दीड सेंटिमीटर जागा घेतं, जाड बोळा तेवढीच आणि 28 ग्रॅम छर्रे पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन खाचांमध्ये पाच सेंटिमीटर, तीन बोटांचं अंतर पडतं. दोनदा भरलं तर गज दहा सेंटिमीटर वर राहतो. गज भरलेल्या खाचेपेक्षा दोन बोटं वर राहिला, तर छर्रे बारुदावर न टेकता मध्ये पोकळी राहिली आहे. ही पोकळी फार वाईट. बार झाला की नळी त्याच जागी फुगते किंवा फाटते, आणि बहुतेकदा तिथे डावा हात असतो.

बंदूक हातात घेताना, दुसऱ्याच्या हातून परत घेताना, रात्री शेतातल्या माळ्यावरून (मचाणावरून) उतरल्यावर, प्रत्येक वेळी गज सोडून खाच बघायची. दहा सेकंदांचं काम आहे.

बारूद आणि टोपी

या बंदुकीत फक्त काळं बारूद चालतं. ते परवानाधारक दुकानातूनच घ्यायचं आणि परवान्यावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच ठेवायचं. खालच्या चार गोष्टी गावात सर्रास होतात आणि चारही माणसाला आंधळं किंवा थोटं करतात.

12 बोअरचं काडतूस फोडून त्यातलं बारूद ठासणीच्या नळीत ओतणं. ते धूर न होणारं बारूद आहे, त्याचा दाब ठासणीच्या नळीला पेलत नाही. थोडं घातलं म्हणून चालत नाही, चिमूटभराच्या फरकाने नळी फुटते. सुतळी बॉम्बची दारू वापरणं, हेही तसंच. त्यातली दारू जळत नाही, स्फोट पावते. आगकाडीच्या डोक्यांचा चुरा गजाने ठासतानाच पेट घेतो, तेव्हा तोंड नळीवर असतं. आणि घरी बारूद बनवणं: ते बेकायदा तर आहेच, शिवाय दर खेपेला त्याची ताकद वेगळी निघते, म्हणजे मापाला काही अर्थच उरत नाही.

बारूद मापाने मोजतात, ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. सुरुवातीला 12 बोअरसाठी 60 ग्रेन, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम, आणि 28 ग्रॅम छर्रे पुरेसे आहेत. कारखान्याच्या पत्रकात याहून कमी लिहिलं असेल तर ते कमी घ्या. नुसत्या आवाजासाठी 40 ग्रेन आणि एक बोळा भागतो. ‘आणखी थोडं घाल, लांब जाईल’ हा सल्ला कुणाचाही असो, ऐकू नका. जादा बारूद नळीबाहेर जळतं, छर्रे फाकतात आणि खांदा सुजतो. दाणा मोठा असलेलं बारूद घ्या. बारीक दाण्याचं पटकन जळतं आणि त्याच मापाला दाब वाढतो.

टोप्या निपलच्या मापाच्याच घ्या, बहुतेक निपलांना 11 नंबर बसते. सैल टोपी चालताना गळून पडते. घट्ट टोपी घोड्याने दाबून बसवायचा मोह होतो आणि तिथेच बार होतो. खेळण्यातल्या टिकल्या टोपीच्या जागी वापरायच्या नाहीत.

भरण्याचा क्रम

क्रम कधीही मोडू नका. मध्येच कुणी हाक मारली, फोन वाजला, तर थांबा आणि पुन्हा गजाच्या खुणेपासून सुरू करा. पहिले काही दिवस बारुदाशिवाय, नुसत्या हातवाऱ्यांनी हा क्रम घरी बसून पाठ करा.

1. निपलवर टोपी नाही आणि घोडा अर्ध्यावर आहे, हे बघा. घोडा पूर्ण खाली टेकलेला असेल तर नळीतली हवा निपलातून निघत नाही आणि बोळा नीट बसत नाही.

2. गज सोडा. रिकाम्या नळीची खाच तोंडाशी आली पाहिजे.

3. नळीत तेल असेल तर कोरड्या चिंधीने पुसून काढा. मग नळीचं तोंड मोकळ्या मातीवर पडलेल्या एका सुक्या पानाकडे धरून नुसती टोपी फोडा. पान हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल काढून तार घाला. हे फक्त त्या रात्रीच्या पहिल्या बाराआधी करायचं. फुटलेली टोपी काढून टाका.

4. बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवा, नळीचं तोंड स्वतःपासून आणि सगळ्यांपासून दूर कलतं ठेवा. बारूद डब्यातून मापात घ्या आणि डबा बंद करून बाजूला ठेवा. मगच मापातून नळीत ओता. डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. मागच्या बाराची ठिणगी आत राहिलेली असली तर मापातलं चार ग्रॅम पेटेल, डब्यातलं पाव किलो नाही.

5. बोळा सरळ बसवा आणि गजाने बुडापर्यंत एकाच दाबाने न्या. गज मुठीत आवळायचा नाही, बोटांच्या चिमटीत आखूड धरायचा आणि थोडं थोडं अंतर ढकलत न्यायचा. तळहात गजाच्या टोकावर ठेवायचा नाही.

6. छर्रे मापून टाका, वर पातळ पुठ्ठ्याची चकती ठेवून दाबा. आपटायचं नाही, फक्त टेकवायचं.

7. गज तोंडाशी बघा. भरलेल्या नळीची खाच दिसली पाहिजे. गज काढून जागेवर ठेवा. नळीत राहिलेला गज बाणासारखा सुटतो.

8. टोपी सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा बार काढायच्या जागी उभं राहिल्यावर.

दुसऱ्या बाराआधी मिनिटभर थांबा, ओलसर चिंधी आणि मग कोरडी चिंधी फिरवा. चार-पाच बारांनंतर काजळी इतकी साचते की बोळा मध्येच अडकतो. तेव्हा जोर करू नका, नळी पुसा.

बार झाला नाही तर

चाप दाबला, टोपी फुटली, पण बार झाला नाही. अशा वेळी बंदूक खांद्यालाच ठेवा, तोंड जिकडे होतं तिकडेच राहू द्या आणि दोन मिनिटं सावकाश मोजा. ओलसर बारूद आत धुमसत राहून उशिरा पेटतं. बंदूक खाली करून नळीत डोकावणारा माणूस याच वेळात जातो.

त्यानंतर नवी टोपी लावून बघा. तरीही नाही झालं तर टोपी काढा, निपलाच्या छिद्रात तार घाला आणि पुन्हा टोपी लावा. तिसऱ्यांदाही नाही झालं तर त्या रात्रीचं काम संपलं. निपलाच्या वाटेने आणि तोंडातून पाणी ओता, तासभर उभी ठेवा, बारूद मेलं की पेचदार स्क्रू गजाला लावून बोळा ओढून काढा. कोरड्या बारुदावर स्क्रू फिरवायचा नाही. बारूद घालायलाच विसरलं असेल, हे गजाच्या खुणेवरून कळतंच, तरी काढायची रीत हीच.

शेतात

सोयाबीन पेरलं की पहिले दोन आठवडे रानडुकरं तास (पेरणीच्या ओळी) उकरून बी खातात. मका आणि भुईमूग दाणा भरताना, हरभरा पेरताना आणि घाटे आल्यावर, तूर फुलोऱ्यापासून पुढे रोही. जागल या दिवसांतच लागते आणि तेव्हा बहुतेक काम नुसत्या आवाजाच्या बाराने होतं. रोज त्याच वेळी, त्याच धुऱ्यावरून (बांधावरून) बार काढला तर आठवड्यात कळप सरावतो. जागा आणि वेळ बदलत राहा. झटका मशीनचं कुंपण सोबत असेल तर बंदुकीचं काम आणखी कमी होतं. लाइनची वीज थेट तारेत सोडणारे मात्र शेजाऱ्याचा जीव घेतात. ते करू नका आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

आवाजाच्या बारातही बोळा जळत बाहेर पडतो. सोयाबीनची गंजी, वाळलेलं गवत, पऱ्हाटीचा ढीग यांच्याकडे तोंड करून बार काढला तर आग लागते, आणि ती अर्ध्या तासानेही भडकू शकते. जाड नमद्याचा किंवा पुठ्ठ्याचा बोळा वापरा, सुती चिंधी धुमसत राहते. बार झाल्यावर बोळा शोधून पायाने विझवा. माणसाकडे तोंड करून आवाजाचा बारही काढायचा नाही, दहा मीटरच्या आत बोळ्याने डोळा जातो.

परवानगीने गोळीबार करायचा असेल तर अंतर 30 मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे छर्रे नुसते जखमी करतात. नुसते डोळे चमकले म्हणून बार काढायचा नाही. बॅटरीत चमकणारे डोळे शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याचे, कुत्र्याचे, अस्वलाचे किंवा वाघाचे असू शकतात. ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत हे रोजचंच आहे. वाघाला लागलं तर 3 ते 7 वर्षांची कैद आहे. जनावर पूर्ण दिसलं पाहिजे, ओळखू आलं पाहिजे आणि त्याच्या मागे माती असली पाहिजे, मोकळं रान किंवा पांदण नाही. त्या रात्री आजूबाजूच्या वावरांत कोण-कोण जागलीला आहे, हे संध्याकाळीच फोनवर विचारून घ्या. जखमी डुकराच्या मागे तुरीत शिरू नका. सकाळी वनरक्षकासोबत जा.

माळ्यावर चढताना, नाला किंवा कुंपण ओलांडताना टोपी काढून खिशात ठेवा. बंदूक माळ्यावर दोरीने ओढून घ्यायची तर रिकामीच. बारूद सोबत असताना बिडी नाही, शेकोटीही नाही. दारू प्यायलेल्या माणसाने बंदुकीजवळ यायचं नाही, मग तो घरातला वडीलधारा का असेना.

घरी आल्यावर

भरलेली बंदूक घरात आणायची नाही. धुऱ्यावरच, मऊ मातीत सुरक्षित बार काढून नळी रिकामी करा, गजाची खाच बघा, मग घराकडे चाला.

काळ्या बारुदाची काजळी हवेतलं पाणी ओढते. श्रावणात किंवा ऑक्टोबरच्या दवात एका रात्रीत निपल गंजून वाट बुजते. म्हणून धुणं त्याच रात्री, फार तर सकाळी. निपल काढा, नळीचं बूड बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात ठेवा आणि गजाला चिंधी गुंडाळून वर-खाली करा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदला. शेवटचं पाणी कडक गरम घ्या, म्हणजे नळी स्वतःच्या उष्णतेने वाळते. कोरडी झाली की बंदुकीचं पातळ तेल लावा. लाकडी दस्त्याला जवसाचं कच्चं तेल चांगलं, थोडं घेऊन तळहाताने चोळा. तेच तेल नळीत किंवा घोड्याच्या यंत्रात घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि घोडा अडकतो. खोबरेल तेल थंडीत गोठतं, तेही नको.

बंदूक कुलपात, निपल उघडं (टोपीशिवाय) आणि घोडा खाली. बारूद त्याच्या मूळ डब्यात, चुलीपासून आणि गॅसपासून दूर, वेगळ्या कुलपात. टोप्या तिसऱ्या जागी. किल्ली परवानाधारकाजवळ. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर रिकामी आणि धुतलेली बंदूक न्या, पावती घ्या. परत मिळाली की आधी गज सोडून खाच बघा.